विचार आणि निर्णय : मेंढा (लेखा) येथील अभ्यासगटांचा भाषादृष्ट्या परिचय

१. प्रास्ताविक

सामाजिक प्रश्नांवर लोकांनी एकत्र बसून शांतपणे विचार करावा, ही अपेक्षा महाराष्ट्रात नवी नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी १८४८ साली साहित्य व शास्त्र या विषयांच्या चर्चेसाठी सभा स्थापन केली आणि तिच्या मराठी व गुजराती शाखा ज्ञानप्रसारक सभा या नावाने नावारूपास आल्या. पुढल्याच वर्षी परमहंस सभा निघाली. मराठीचे आद्य व्याकरणकार म्हणून ज्यांचा आपण आदराने उल्लेख करतो, ते दादोबा पांडुरंग तर्खडकर या सभेच्या संस्थापकांपैकी एक होते, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकांना विशेष वाटावी. १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा आरंभ झाला. या सर्व उपक्रमांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे.

परमहंस सभेचे कामकाज गुप्तपणे चाले आणि १८६० च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटताच ती सभा मोडली. या घटनेकडे सामान्यतः समाजसुधारणेच्या इतिहासातील एक अपयश म्हणून पाहिले जाते. सभेत जातिबंधन मोडणारे सहभोजनासारखे आचारही होत असत, आणि लोकांच्या क्षोभाचे ते एक मोठे कारण होते, हे खरे. तथापि तीत भाषाव्यवहाराच्या दृष्टीने एक महत्त्वाचा प्रश्न दडलेला आहे. जेथे एखादा विचार नुसता बोलून दाखविणे हेच कृत्य समजले जाते, तेथे विचाराला दार लावूनच बसावे लागते. मग उघड्यावर, सर्वांच्या देखत, निर्धास्तपणे विचार करता येईल अशी व्यवस्था एखाद्या समाजाला उभी करता येते काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे एक उत्तर तपासावयाचे आहे. ते उत्तर पुण्या-मुंबईच्या विद्वत्सभांनी दिलेले नसून गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या सुमारे पाचशे वस्तीच्या गोंड गावाने दिलेले आहे.

२. शब्दविचार

मूळ विषयाकडे वळण्यापूर्वी आपल्या भाषेत विचारविनिमयासाठी कोणते शब्द आहेत आणि त्यांचे काय झाले आहे, हे पाहणे उपयुक्त ठरेल.

न्यायदर्शनात दोन किंवा अधिक व्यक्तींनी एखाद्या विषयावर केलेल्या पद्धतशीर संभाषणाला ‘कथा’ अशी संज्ञा असून तिचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार मानले आहेत. प्रमाण व तर्क यांच्या आधाराने तत्त्वनिर्णयासाठी केलेली कथा तो ‘वाद’. विजयासाठी केलेली, आणि म्हणून छल, जाती व निग्रहस्थाने यांचा आश्रय घेणारी, ती ‘जल्प’. स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता केवळ प्रतिपक्षाचे खंडन करणारी ती ‘वितंडा’. वाद कोणाशी करावा, हेही न्यायसूत्रांत सांगितले आहे. गुरू, शिष्य, सहाध्यायी अशा असूयारहित माणसांशी तो करावयाचा असतो. जल्प आणि वितंडा यांनाही सूत्रकाराने अगदीच टाकाऊ ठरविलेले नाही. बी रुजून वर आलेल्या कोंभाच्या रक्षणासाठी जशा काटेरी फांद्या लावतात, तसा तत्त्वनिश्चयाच्या रक्षणापुरता त्यांचा उपयोग करावा, असे तो म्हणतो.

आजच्या मराठीत या संज्ञांची काय अवस्था आहे? ‘कथा’ गोष्टीच्या अर्थी रूढ झाली. ‘जल्प’ व्यवहारातून जवळजवळ नाहीसा झाला. ‘वितंडा’ ‘वितंडवाद’ या समासात तेवढी उरली. सर्वांत उद्बोधक स्थित्यंतर ‘वाद’ या शब्दाचे आहे. ‘वाद घालणे’, ‘वाद उकरून काढणे’, ‘जमिनीचा वाद’, ‘वादग्रस्त’ या प्रयोगांत तत्त्वजिज्ञासेचा लवलेश नाही; सर्वत्र भांडण किंवा तंटा हाच अर्थ आहे. म्हणजे शास्त्रकारांनी ज्या प्रकाराला सर्वश्रेष्ठ मानले, त्याचे नाव लोकव्यवहाराने कनिष्ठ प्रकाराला देऊन टाकले.

याची पोकळी ‘चर्चा’ या शब्दाने भरून काढली आहे. संस्कृतात या शब्दाचा एक अर्थ वेदपठणातील पदाची पुनरुक्ती असा असून दुसरा लेपन असा आहे. ‘चंदनचर्चित’ या शब्दात तो दुसरा अर्थ आजही दिसतो. एकाच गोष्टीवरून पुन्हा पुन्हा मन फिरविणे, हा विचार-विमर्शाचा अर्थ या दोहोंच्या जवळचा आहे. परंतु ‘नुसती चर्चा झाली’, ‘चर्चेचे गुऱ्हाळ’ असे जे प्रयोग आपण सर्रास करतो, त्यांत चर्चेविषयीचा कंटाळा स्पष्ट उमटतो. निर्णयाविना झालेली चर्चा व्यर्थ होय, असे आपली भाषा आपल्याला नकळत शिकवीत असते. मेंढा येथील प्रयोगाने नेमके हेच गृहीत नाकारले आहे.

३. स्थळ आणि पार्श्वभूमी

मेंढा हे धानोरा तालुक्यातील गाव होय. त्याच नावाच्या अन्य गावांपासून वेगळे ओळखता यावे म्हणून शेजारच्या लेखा या गावाचे नाव कंसात जोडण्याची रीत आहे. गावाच्या क्षेत्राचा बहुतांश भाग जंगलाने व्यापलेला आहे. १९८० नंतरच्या दशकात गोदावरी व इंद्रावती या नद्यांवर इंचमपल्ली व भोपालपट्टणम येथे मोठी धरणे बांधण्याच्या योजना पुढे आल्या आणि त्यांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ हे आंदोलन उभे राहिले. त्या आंदोलनात आपल्या गावाचा कारभार आपण पाहण्याची कल्पना बळावली. या कल्पनेला मेंढ्यात देवाजी तोफा यांच्यासारखे गावातलेच नेतृत्व लाभले. विनोबा आणि जयप्रकाश नारायण यांच्या विचारांतून घडलेले, ‘वृक्षमित्र’ संस्थेचे कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल (निधन २०२५) यांचा या गावाशी त्याच दशकात संबंध आला आणि तो अखेरपर्यंत टिकला. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावामुळे सर्वत्र पोहोचली. मिलिंद बोकील यांनी ‘गोष्ट मेंढा गावाची’ या पुस्तकात गावाचा इतिहास सविस्तर दिला असल्याने त्याची पुनरुक्ती येथे करीत नाही. आपल्याला प्रयोजन आहे ते गावाने सिद्ध केलेल्या बोलण्याच्या व्यवस्थेशी.

४. दोन बैठका, दोन भाषाव्यवहार

मेंढ्यात दोन प्रकारच्या बैठका होतात. पहिली ग्रामसभा. तीत गावातील सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांनी बसावे अशी अपेक्षा असते आणि निर्णय सर्वांच्या सहमतीने होतो. दुसरी बैठक म्हणजे अभ्यासगट. ज्याला एखाद्या विषयाची जिज्ञासा आहे त्याने यावे, नसेल त्याने येऊ नये. विषयाचा जाणकार बाहेरचा असला तरी त्याला बोलवावे. त्याने भाषण करण्यापेक्षा चर्चेत भाग घ्यावा. आणि मुख्य नियम असा की अभ्यासगटाने कोणताही निर्णय घ्यावयाचा नाही.

वरवर पाहता हा नियम गैरसोयीचा वाटेल. जाणकार माणसे एकत्र बसली, त्यांनी विषय समजून घेतला, मग त्यांनीच ठरविले तर काय बिघडले? याचे उत्तर दोन अंगांनी देता येते. राजकीय अंग उघड आहे : जाणत्यांनी ठरवू लागावयाचे म्हणजे न जाणत्यांवर राज्य करू लागावयाचे. विनोबांनी ‘स्वराज्यशास्त्रा’त ज्या व्यवस्थेला ‘सर्वायतन’ म्हटले आहे, तिच्याशी हे विसंगत ठरेल. दुसरे अंग भाषिक आहे आणि आपल्या दृष्टीने ते अधिक महत्त्वाचे आहे.

ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेली व १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेली व्याख्याने भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना परिचित आहेत. काही उक्तींनी वस्तुस्थितीचे वर्णन होत नाही, तर त्या उच्चारल्यानेच एखादी कृती घडते, हा त्यांचा आरंभीचा सिद्धान्त. पुढे त्यांनीच तो विस्तारून प्रत्येक उक्ती ही कोणती तरी कृती असतेच, असे दाखविले. मात्र कृती सिद्ध होण्यासाठी योग्य व्यक्ती, योग्य प्रसंग आणि मान्य पद्धती या अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. सभापतीने ‘सभा संपली’ असे म्हटल्याने सभा संपते. दारात उभ्या असलेल्या वाटसरूने तेच शब्द उच्चारले तर काही घडत नाही.

हा सिद्धान्त मेंढ्याच्या व्यवस्थेला लावून पाहू. ग्रामसभेत ‘ही जागा चराईला बंद ठेवू’ असे कोणी म्हटले तर तो प्रस्ताव होतो. त्याला होकार देणारा माणूस बांधला जातो. नकार देणारा प्रस्तावकाच्या विरोधात उभा राहतो. तेच वाक्य अभ्यासगटात उच्चारले तर तो केवळ एक संभव ठरतो. त्याला विरोध केल्याने कोणाचा पराभव होत नाही आणि होकार दिल्याने कोणावर जबाबदारी येत नाही. वाक्य तेच, व्याकरण तेच, अर्थही तोच. परंतु उक्तीचे बळ निराळे. अभ्यासगटाचा ‘निर्णय नाही’ हा नियम म्हणजे प्रस्तावरूप उक्ती सिद्ध होण्याची अटच काढून घेण्याची योजना होय. ती अट निघून गेल्यामुळे माणूस काल बोलला त्याच्या उलट आज बोलू शकतो, आणि त्यात त्याची मानहानी होत नाही. नैयायिकांच्या परिभाषेत सांगावयाचे तर, विजय मिळविण्यासारखे काही शिल्लकच न ठेवल्याने जल्पाचे प्रयोजन नाहीसे होते आणि वादाला जागा मिळते. न्यायसूत्रांनी असूयारहित माणसे शोधण्यास सांगितले. मेंढ्याने असूयेला निमित्तच मिळू नये अशी बैठक शोधली.

मोहोळाच्या अभ्यासाचे उदाहरण येथे देण्यासारखे आहे. मध काढण्याच्या जुन्या रीतीत धूर व जाळ करून आग्यामोहोळ सबंध कापले जाई. त्यात माश्या आणि अळ्या दोन्ही नष्ट होत. या विषयाच्या अभ्यासगटात गावकऱ्यांचे जंगलाचे ज्ञान आणि बाहेरच्या जाणकारांचे ज्ञान एकत्र आले. पोळ्याचा मधाचा भाग तेवढा कापून घ्यावा व अळ्यांचा भाग शाबूत ठेवावा, ही रीत त्यातून पुढे आली. येथे कोणी कोणाला मधाविषयी आदेश दिला नाही. कळले म्हणून रीत बदलली.

स्वीडनमध्ये १९०२ साली लुंड येथे ऑस्कर ओल्सन यांनी मद्यपानविरोधी चळवळीत अध्ययनमंडळांचा आरंभ केला, तेथेही शिक्षकाविना परस्परांकडून शिकणे हेच तत्त्व होते. मात्र तेथील मंडळे सभासदांच्या आत्मशिक्षणासाठी होती. निर्णय घेणाऱ्या सभेच्या शेजारी, तिला पूरक परंतु तिच्यापासून काटेकोरपणे वेगळी अशी अध्ययनाची बैठक ठेवणे, हे मेंढ्याचे वैशिष्ट्य म्हणता येईल.

५. ‘एकमत’ आणि ‘सहमती’

ग्रामसभेतील निर्णय सर्वसहमतीने होतात, याचा अर्थ सर्वांचे मत एकच असते असा नव्हे. ‘एकमत’ हा शब्द मनाची स्थिती सांगतो. ‘सहमती’ किंवा ‘संमती’ हा माणसाचा दुसऱ्याशी असलेला व्यवहार सांगतो. ‘मला हे तितकेसे पटलेले नाही, तरी माझी आडकाठी नाही’ हे वाक्य एकमताच्या व्याख्येत बसत नाही, पण सहमतीच्या व्याख्येत निश्चित बसते. ‘बहुमत’ या शब्दात तर मतांची मोजणी गृहीत आहे, आणि मोजणी आली की अल्पमत आलेच. मेंढ्यात ज्या विषयावर सहमती होत नाही तो बाजूला ठेवतात व त्याची चर्चा चालू राहते. अशा वेळी अभ्यासगटाची गरज अधिकच भासते. कारण विरोध करणाऱ्याला हरविण्याची सोय नसल्याने त्याचे म्हणणे समजून घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

येथे भाषाशास्त्रज्ञाने एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. मौन म्हणजे संमती, असा समज आपल्याकडे रूढ आहे. संभाषणविश्लेषणाच्या अभ्यासकांना मात्र निराळे दिसून आले आहे. अनिता पोमेरान्ट्झ यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या विवेचनानुसार, होकार बहुधा तत्काळ व थोडक्यात येतो. असहमती मात्र विलंबाने, अडखळत आणि प्रस्तावना करीत येते. म्हणजे प्रस्तावानंतरची शांतता ही पुष्कळदा येऊ घातलेल्या नकाराची खूण असते. हे निष्कर्ष इंग्रजी संभाषणांवरून काढलेले आहेत. ते गोंडी किंवा मराठी बोलणाऱ्यांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरीही सहमतीवर चालणाऱ्या सभेला शांततेचा अर्थ लावण्याची जबाबदारी टाळता येत नाही, एवढे त्यावरून निश्चित होते. विशेषतः स्त्रियांच्या व वयाने लहान असलेल्यांच्या मौनाविषयी हे लक्षात ठेवावयास हवे.

६. एका शब्दाचा अर्थ : ‘बांबू’

अभ्यास आणि निर्णय यांची ही सांगड गावाच्या उपजीविकेशी कशी भिडली, हे बांबूच्या प्रकरणावरून स्पष्ट होते. आणि ते प्रकरण मुळात शब्दार्थाचे होते.

भारतीय वन अधिनियम, १९२७ याच्या व्याख्येत ‘वृक्ष’ या संज्ञेत ताड व बांबू यांचा समावेश होता. वनस्पतिशास्त्राप्रमाणे बांबू हे तृणकुलातील गवत आहे, ही गोष्ट कायद्याच्या लेखी गैरलागू होती. बांबू वृक्ष ठरला की तो इमारती लाकडाच्या वर्गात जाई आणि त्यावर वनखात्याचा अधिकार राही. उलट, २००६ च्या वनहक्क कायद्याने ‘गौण वनोपज’ या संज्ञेच्या व्याख्येत बांबूचा नाव घेऊन उल्लेख केला आणि त्यावरील स्वामित्व वनहक्कधारकांना दिले. म्हणजे एकच वस्तू एका कायद्यात वृक्ष होती आणि दुसऱ्यात गौण वनोपज. मेंढा गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मान्य झाले. तथापि हक्क मान्य होऊनही बांबूच्या वाहतुकीचा परवाना गावाला मिळेना. तोडलेला बांबू परवान्यावाचून गावाबाहेर नेता येत नसल्याने विकताही येईना.

या काळात गावाने कायद्याच्या शब्दांना धरूनच आपली बाजू लढविली. आपल्याला काय हवे आहे एवढे सांगून गाव थांबले नाही. कायद्यात काय लिहिले आहे, हे त्याने दाखविले. मार्च २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांनी बांबू हे गौण वनोपज समजावे, असे राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना कळविले आणि एप्रिल २०११ मध्ये मेंढ्यातच ग्रामसभेच्या स्वाधीन वाहतूक परवान्यांचे पुस्तक करण्यात आले. पुढे २०१७ साली १९२७ च्या अधिनियमातील ‘वृक्ष’ या व्याख्येतून ‘बांबू’ हा शब्दच वगळण्यात आला. व्याख्येतील एका शब्दावर शेकडो कुटुंबांची मजुरी आणि एका गावाचे स्वामित्व अवलंबून असू शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल. कायदा वाचण्याची सवय ज्या गावाने आधी लावून घेतली होती, त्याच गावाला ही लढाई लढता आली, हेही येथे नमूद केले पाहिजे. ऐन संकटात अभ्यास सुरू करता येत नाही.

७. ‘आम्ही’ आणि ‘आपण’

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही’ मध्ये श्रोता वगळलेला असतो. ‘आपण’ मध्ये तो समाविष्ट असतो. हिंदीच्या ‘हम’ मध्ये हा भेद नाही. गुजरातीत तो आहे, आणि द्राविड भाषाकुलात तर तो प्राचीन आहे. मराठीतील या भेदामागे द्राविड भाषांचा संपर्क असावा, असे अनेक विद्वानांचे मत आहे.

या दृष्टीने मेंढ्याच्या घोषणेकडे पाहिले असता तिची रचना अर्थपूर्ण वाटते. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ यातील श्रोता गावाबाहेरचा आहे : अधिकारी, कंत्राटदार, शासन. म्हणून तेथे ‘आम्ही’ हेच सर्वनाम योग्य. गावात बसून बोलताना मात्र ‘आपण काय करावे’ असाच प्रश्न विचारावा लागतो. बाहेरच्याशी बोलताना ‘आम्ही’ खणखणीतपणे म्हणता यावे, यासाठी आत ‘आपण’ खरेपणाने म्हटलेले असावे लागते. जो गट आत ‘आपण’ म्हणू शकत नाही, त्याचे ‘आम्ही’ हे बहुधा दोन-चार पुढाऱ्यांचे असते. अभ्यासगटात आलेला बाहेरचा जाणकार ‘आपण’ मध्ये येतो की नाही, हा प्रश्नही विचार करण्यासारखा आहे. विचार करताना तो येतो. निर्णयाच्या वेळी तो येत नाही. सर्वनामाची ही सीमा गावाने नियमाने आखून दिलेली आहे.

८. मर्यादा आणि संशोधनाच्या दिशा

या प्रयोगाचे मोल मान्य करूनही काही मर्यादा सांगणे आवश्यक आहे. पाचशे वस्तीच्या, जवळजवळ एकजिनसी गावात जे साधते ते अनेक जातींच्या, मोठ्या व विषम मालकीच्या गावात साधेलच असे नाही. सर्वसहमतीचा नियम दुर्बलाला जसे संरक्षण देतो तसेच तो हितसंबंधीयाच्या हाती आडकाठीचे साधनही देऊ शकतो. शिवाय कायद्याची भाषा मराठी व इंग्रजी आणि घरची भाषा गोंडी, या परिस्थितीत प्रत्येक अभ्यासगट हा एका अर्थी भाषांतराचा वर्ग असतो. भाषांतर करणाऱ्याच्या हाती किती सत्ता जाते, याचा हिशेब घेतला पाहिजे. तरीही २०१३ साली या गावाने महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, १९६४ याच्या आधारे ग्रामदान करण्याचे ठरविले. जमिनीसारख्या जिव्हाळ्याच्या विषयावरही सहमती घडू शकते, याचे हे द्योतक होय.

आपल्या विभागातील विद्यार्थ्यांना येथे संशोधनाची तीन क्षेत्रे मोकळी आहेत. पहिले, अभ्यासगट व ग्रामसभा यांतील एकाच विषयावरील बोलण्याचे, ग्रामसभेच्या पूर्वसंमतीने, ध्वनिमुद्रण व लिप्यंतर करून प्रश्नार्थक, विध्यर्थी व संकेतार्थी वाक्यांचे प्रमाण तपासणे. वर मांडलेले प्रमेय खरे असेल तर अभ्यासगटात ‘झाले असते तर’ या प्रकारची रचना अधिक आढळावी. दुसरे, बोलण्याच्या पाळ्या कशा ठरतात आणि शांततेचा अर्थ कसा लावला जातो, याचे निरीक्षण. तिसरे, गोंडीत कायद्याच्या संज्ञांसाठी कोणते शब्द घडले आहेत, त्यांचा संग्रह.

या कामाला निघणाऱ्याने मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अभ्यासगटाच्या नियमानुसार बाहेरचा माणूस तेथे परीक्षक म्हणून जात नाही, सहाध्यायी म्हणून जातो. आणि आपण काय टिपले, कशासाठी टिपले, हे गावाला त्याच्या भाषेत समजावून दिल्यावाचून त्याचा अभ्यास पुरा झाला असे म्हणता येणार नाही.